कॉलेज प्रवेशातलं आरक्षण : टक्के कुणाला किती, वाद कशावरून आणि कागद कुठे अडतो

सोलापूर : बारावीचा निकाल लागला, नीट-सीईटीचे मार्क आले की जिल्ह्यातल्या अकराही तालुक्यांत सेतू केंद्रापुढे गर्दी होते. हातात प्लास्टिकची फाईल, आत आजोबांच्या शाळेचा दाखला, सातबारा, उत्पन्नाचा दाखला. त्याच रांगेत वादही सुरू होतो. कुणी म्हणतं, आमच्या पोराला जास्त मार्क असून नंबर लागला नाही. कुणी म्हणतं, आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी बारावी झालंय, तुमच्या मार्काशी बरोबरी कशी करणार? दोघांचं बोलणं रांगेत उभं राहून ऐकलं तर दोघांचंही खरं वाटतं. पण वादात अर्ध्या गोष्टी ऐकीव असतात. म्हणून हा विषय मुळापासून.

आधी टक्केवारी. राज्याच्या शैक्षणिक प्रवेशात अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती (अ) ३, भटक्या जमाती (ब) २.५, भटक्या जमाती (क) म्हणजे धनगर ३.५, भटक्या जमाती (ड) म्हणजे वंजारी २ आणि इतर मागासवर्ग १९. ही बेरीज ५० होते. विशेष मागास प्रवर्ग, ज्यात सोलापूर शहरातला पद्मशाली, कोष्टी समाज आणि कोळी समाज येतो, त्याला नोकरीत वेगळे २ टक्के आहेत. शिक्षणात मात्र त्यांना या ५० च्या आतच सामावून घेतात. याच्यावर २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटक म्हणजे ईडब्ल्यूएस १० आणि २०२४ पासून मराठा समाजासाठी एसईबीसी १०. म्हणजे शंभरातल्या सत्तर. ईडब्ल्यूएसच्या जागा काही अभ्यासक्रमांत मंजूर संख्येवर वाढीव धरतात, त्यामुळे प्रत्येक कॉलेजात हा हिशेब तंतोतंत असाच दिसेल असं नाही.

उरलेल्या जागांना लोक "ओपनवाल्यांचा कोटा" म्हणतात. ते चूक आहे. खुली जागा कुठल्याच जातीची नसते. गुणवत्ता यादीत वर असलेला मातंग, माळी किंवा धनगर समाजाचा मुलगा आधी खुल्या जागेवरच धरला जातो, तिथे बसला नाही तर त्याच्या प्रवर्गात. याशिवाय मुलींसाठी ३० टक्के, दिव्यांगांसाठी ५ टक्के असं समांतर आरक्षण असतं. ते वेगळं नसून प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजतात.

दुसरा गैरसमज म्हणजे "आंबेडकरांनी दहाच वर्षांसाठी आरक्षण दिलं होतं". दहा वर्षांची मुदत घटनेच्या कलम ३३४ मध्ये आहे आणि ती लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांची आहे. ती वेळोवेळी वाढवली, सध्या २०३० पर्यंत आहे. शिक्षणातल्या आणि नोकरीतल्या आरक्षणाला अशी मुदत कधीच नव्हती.

सुरुवात कुठून झाली

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी ठेवण्याचा हुकूम काढला. त्या हुकुमात मागास कोण? ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि असे पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. म्हणजे तेव्हाच्या त्या यादीत मराठाही होता. आज मराठा आरक्षणाच्या सभांमध्ये हा दाखला हमखास दिला जातो, तो यामुळेच.

सोलापूरचा स्वतःचा इतिहासही कमी नाही. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. सभा स्थापन होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मुलं शाळेपर्यंत पोचली तरी शहरात राहायचं कुठे आणि खायचं काय, हा प्रश्न तेव्हाही होता. आजही करमाळ्याहून किंवा मंगळवेढ्याच्या दक्षिण भागातून सोलापूरला शिकायला येणाऱ्या पोराला प्रवेशाआधी हाच प्रश्न पडतो.

आणि सोलापूरची सेटलमेंट. शहरात आजही त्या भागाला याच नावाने ओळखतात. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याखाली कैकाडी, पारधी, भामटा अशा कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तारेच्या कुंपणाआड वसाहत, हजेरी, बाहेर जायला परवानगी. मूल जन्मलं तेच गुन्हेगार म्हणून. हा कायदा देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं राहिला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात आणि "विमुक्त जाती" हे नावही तिथूनच आलं. विमुक्त जातींना आरक्षण कशाला, असं कुणी विचारलं तर उत्तरासाठी दिल्लीला जायला नको, सोलापूर स्टेशनवर उतरून रिक्षा केली तरी पुरे.

यातही एक गंमत आहे, म्हणजे ज्याच्या वाट्याला आली त्याला गंमत वाटणार नाही. कैकाडी समाज विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहे आणि सोलापुरात विमुक्त जातीत. जात एक, रोटीबेटी एक, पण जिल्हा बदलला की प्रवर्ग बदलतो. समाज किती वर्षं हे क्षेत्रबंधन काढा म्हणून मागणी करतो आहे.

आरक्षणाचं पहिलं मोठं भांडण कॉलेज प्रवेशावरूनच

ते मद्रास राज्यात झालं. तिथे दर १४ जागांची जातवार वाटणी होती: ब्राह्मणेतर हिंदू ६, मागास हिंदू २, ब्राह्मण २, हरिजन २, ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन १ आणि मुस्लिम १. मेडिकल प्रवेशावरून एक ब्राह्मण महिला कोर्टात गेली. १९५१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी जूनमध्ये घटनेची पहिली दुरुस्ती झाली आणि कलम १५(४) आलं. सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी सरकार खास तरतूद करू शकतं, असं त्यात लिहिलं. आजचं कॉलेजमधलं सगळं आरक्षण या कलमावर आणि पुढे जोडलेल्या १५(५), १५(६) वर उभं आहे.

५० टक्क्यांची मर्यादा घटनेत कुठेच लिहिलेली नाही, ती कोर्टाने घातली. १९९२ च्या मंडल निकालात, म्हणजे इंद्रा साहनी खटल्यात, ती पक्की झाली आणि ओबीसींना क्रिमिलेअरची अटही तिथेच आली. तामिळनाडूत ६९ टक्के आहे, ते १९९४ च्या कायद्याला नवव्या परिशिष्टाचं कवच मिळाल्यामुळे. महाराष्ट्राला तसं कवच नाही.

अमेरिकेतही हाच वाद आहे. तिथे ठरावीक टक्के जागा राखून ठेवायला कोर्टाने १९७८ लाच मनाई केली होती, फक्त प्रवेश देताना वंशाचा विचार करता येत होता. जून २०२३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या खटल्यात तोही थांबवला. आपल्याकडे आरक्षणाला घटनेतच जागा आहे, त्यामुळे तिकडच्या निकालाचा इथे परिणाम होईल हे व्हॉट्सअॅपवरचं बोलणं मनावर घेऊ नये.

मराठा आरक्षण : तीन वेळा दिलं, दोन वेळा गेलं

जिल्ह्यातल्या सगळ्यात जास्त घरांना भिडणारा विषय हा. २०१४ च्या जुलैमध्ये राज्याने अध्यादेश काढून मराठा १६ आणि मुस्लिम ५ टक्के दिलं, नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली. २०१६ मध्ये कोपर्डीनंतर मूक मोर्चे निघाले, सोलापुरातही निघाला. गायकवाड आयोगाच्या अहवालावर २०१८ ला १६ टक्क्यांचा कायदा झाला. उच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये तो टिकवला, पण शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ टक्के केला. सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि ५ मे २०२१ ला कायदाच रद्द झाला. ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याइतकी असाधारण परिस्थिती दिसत नाही, असं कोर्ट म्हणालं. त्या दोन वर्षांत ज्यांनी एसईबीसी धरून पुढची आखणी केली, त्या पोरांचं नियोजन मध्येच मोडलं.

मग मनोज जरांगे पाटलांचं आंतरवाली सराटीचं उपोषण, १ सप्टेंबर २०२३ चा लाठीमार आणि त्यानंतरचा सगळा घटनाक्रम. २० फेब्रुवारी २०२४ ला विधिमंडळाने १० टक्क्यांचा नवा कायदा केला. हाही उच्च न्यायालयात आव्हानाखाली आहे. या कायद्याखालचे प्रवेश अंतिम निकालाच्या अधीन राहतील, असं कोर्टाने सुनावणीच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं.

दुसरा रस्ता कुणबी दाखल्याचा. न्या. संदीप शिंदे समितीने जुन्या नोंदी शोधायला सुरुवात केली. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, शाळेचं जनरल रजिस्टर, मोडीतली पाहणी पत्रकं. १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीच्या कागदावर "कुणबी" सापडलं तर ओबीसीचा रस्ता मोकळा. २ सप्टेंबर २०२५ ला मुंबईच्या उपोषणानंतर सरकारने हैदराबाद गॅझेटचा जीआर काढला, पण तो मुख्यतः मराठवाड्याच्या कामाचा. सोलापूर जिल्ह्याचा बहुतेक भाग मुंबई इलाख्यात होता, निजामाकडे नव्हता. त्यामुळे बार्शीच्या पुढचं गाव धाराशिव जिल्ह्यात गेलं की नियम वेगळा आणि अलीकडे वेगळा. पाहुणे-रावळे एकच, सोयरीक एकच. सातारा गॅझेटची मागणी त्यातूनच पुढे आली.

ओबीसी बाजूचं म्हणणंही याच जिल्ह्यातून जोराने मांडलं गेलं. सांगोला तालुक्यातले लक्ष्मण हाके २०२४ च्या जूनमध्ये वडीगोद्रीत उपोषणाला बसले. म्हणणं असं की ओबीसीच्या १९ टक्क्यांत आधीच शेकडो जाती आहेत. त्यात संख्येने मोठा आणि राजकारणात वजन असलेला समाज आला तर लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांच्या पोरांनी जायचं कुठे? त्यावर मराठा कार्यकर्त्यांचं उत्तर ठरलेलं: साखर कारखान्याचा चेअरमन आमच्यातला असेल, पण त्याच कारखान्यावर ऊस तोडणाराही आमच्यातला आहे, चेअरमनकडे बघून तोडणीवाल्याचा हिशेब करू नका. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. जागा मात्र तेवढ्याच आहेत, आणि भांडणाचं खरं मूळ तिथे आहे.

धनगर आणि कोळी

माळशिरस, सांगोला, मंगळवेढा या पट्ट्यात धनगर समाज मोठा. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत "ओरांव, धनगड" अशी नोंद आहे. धनगड म्हणजेच धनगर, र चा ड झाला, असं समाजाचं म्हणणं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या याचिका फेटाळल्या. त्याच सप्टेंबरात पंढरपुरात उपोषण झालं. दुसरीकडे, धनगरांना आदिवासींत घेऊ नका म्हणून विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रालयाच्या जाळीवर उडी मारली. यादीत बदल करायचा तर तो संसदेनेच करावा लागतो, हे मात्र सभेत कुणी सांगत नाही. सोलापूर विद्यापीठाला २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं, त्याच विद्यापीठात धनगर मुलगा आजही साडेतीन टक्क्यांतच प्रवेश घेतो.

पंढरपूर भागातल्या महादेव कोळी समाजाचं दुखणं वेगळं. जमात यादीत आहे, पण जुन्या कागदावर नुसतंच "कोळी" किंवा "हिंदू कोळी". पडताळणी समिती मग बोलीभाषा, देव, लग्नविधी विचारते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितलं की ही आप्तभाव चाचणी शेवटची कसोटी धरता येणार नाही, जुने कागद पक्के असतील तर त्यांना वजन द्या. पण अकोले-जुन्नरच्या डोंगरातले आदिवासी म्हणतात, बोगस दाखल्यांनी आमच्या मेडिकलच्या जागा खाल्ल्या. मुळात पडताळणी समित्यांची आजची पद्धत घालून दिली ती सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये, आणि तो खटलाही महादेव कोळी दाखल्यावर घेतलेल्या मेडिकल प्रवेशाचाच होता.

अनुसूचित जातींत उपवर्गीकरणाचा वाद आहे. १ ऑगस्ट २०२४ ला सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक असा निकाल दिला की राज्य अ, ब, क असे गट करू शकतं. मातंग समाजाची ही जुनी मागणी. राज्याने त्यासाठी न्या. अनंत बदर यांची समिती नेमली.

गरिबी मोजायची कशी

ईडब्ल्यूएसमुळे हा प्रश्न आणखी किचकट झाला. जानेवारी २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने हे आरक्षण आलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन मतांनी टिकलं. मर्यादा ८ लाखांची. ओबीसीची नॉन-क्रिमिलेअर मर्यादाही ८ लाखच. आकडा एक, पण मोजायची रीत दोन.

ईडब्ल्यूएसला घरातलं सगळं उत्पन्न धरतात: पगार, शेती, धंदा. नॉन-क्रिमिलेअरला पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या ८ लाखांत धरत नाहीत, आईवडिलांचं पद वेगळं तपासतात. शिवाय केंद्राच्या ईडब्ल्यूएसला ५ एकर किंवा जास्त शेतजमीन असली की बाद. राज्याच्या दाखल्याला ही जमिनीची अट नाही. म्हणजे मंगळवेढ्याच्या माळावर सहा एकर कोरडवाहू ज्वारी करणाऱ्या खुल्या प्रवर्गातल्या शेतकऱ्याचा पोरगा आयआयटीला ईडब्ल्यूएसमधून जाऊ शकत नाही. अकलूजकडे दहा एकर ऊस असलेल्या ओबीसी बागायतदाराच्या पोराला मात्र नॉन-क्रिमिलेअर मिळू शकतं. पाच एकर म्हणजे पाच एकर, पाणी आहे की नाही हे दिल्लीच्या नियमाला दिसत नाही. आणि कोणतंही आरक्षण नसलेल्या घरातला पगारदार वर्षाला साडेसात लाख मिळवतो, तोही "दुर्बल" ठरतो. रोजगार हमीवर जाणारा आणि तो एकाच रांगेत.

मराठा विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावं. राज्याच्या प्रवेशात एसईबीसी लागू झाल्यावर त्यांना ईडब्ल्यूएस मिळत नाही. केंद्राच्या संस्थांत आणि मेडिकलच्या १५ टक्के ऑल इंडिया कोट्यात एसईबीसी चालत नाही, तिथे अटी बसत असतील तर ईडब्ल्यूएस चालतं. एकाच पोराला दोन वेगळे दाखले लागू शकतात.

जिथे आरक्षण पोचत नाही

अभिमत विद्यापीठांत राज्याचं आरक्षण नाही. खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंगला २० टक्के जागा संस्था पातळीवर भरतात. खासगी मेडिकलला १५ टक्के एनआरआय कोटा. तिथे मेरिट कमी असलं तरी चालतं, पैसा लागतो. पारावर आरक्षणावर तासभर तावातावाने बोलणारे या कोट्यावर चकार शब्द काढत नाहीत, हे नवलच.

अल्पसंख्याक संस्थांना घटनेनेच सूट दिली आहे. २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले तेव्हा सरकारने अल्पसंख्याक कॉलेजांच्या उरलेल्या जागांनाही सामाजिक आरक्षण लावलं. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलेल्यांत मुंबईच्या कॉलेजांबरोबर सोलापुरातली जैन समाजाची एक जुनी शिक्षणसंस्थाही होती. १२ जून २०२५ ला कोर्टाने त्या कॉलेजांपुरती अंतरिम स्थगिती दिली.

फीमध्ये एक मोठा बदल झालाय, तो अजून सगळ्या घरांत पोचलेला नाही. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. आधी ती निम्मी माफ होती, मुलांना अजून निम्मीच आहे.

कागद

नियम काहीही असो, गावाकडच्या पोराचा प्रवेश जातो तो बहुतेक वेळा कागदावर. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर प्रांताकडून, उत्पन्न आणि ईडब्ल्यूएस तहसीलदाराकडून, जात वैधता म्हणजे व्हॅलिडिटी जिल्हा समितीकडून. अनुसूचित जमातीची समिती वेगळी. पुरावा कोणत्या तारखेआधीचा हवा तेही वेगळं: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि विशेष मागासला १३ ऑक्टोबर १९६७. ज्याचा आजोबा शाळेतच गेला नाही, त्याने १९६१ च्या आधीचा शाळेचा कागद आणायचा कुठून? पालावर जन्मलेल्याची नोंद कुठल्या गावच्या कोतवाल बुकात असणार? जो जास्त मागास, त्याच्याकडे मागासपणाचा पुरावा कमी. हा या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा अन्याय म्हणावा लागेल, आणि त्यावर मोर्चा निघालेला नाही.

व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाकावा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे वडील, चुलते, आत्या, चुलतभाऊ यांच्यापैकी कुणाची व्हॅलिडिटी असेल तर ती जोडावी, काम बरंच सोपं होतं. अर्जाची पोच जपून ठेवावी. आडनाव, जातीचं स्पेलिंग, "हिंदू" शब्दापुढे काय लिहिलंय हे प्रत्येक दाखल्यावर सारखं आहे का, ते आधीच बघावं. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, एप्रिलनंतर जुना दाखला चालत नाही. प्रवेशाच्या वेळी नुसती पोच दाखवून तात्पुरता प्रवेश मिळतो, काही वर्षी सरकार मुदत वाढवूनही देतं. पण वाढीव मुदतीतही व्हॅलिडिटी हातात आली नाही तर राखीव जागा जाते. करमाळ्याच्या टोकाहून शंभर किलोमीटरच्या वर प्रवास करून सोलापूरला दोन-तीन खेपा घातलेल्या पोराचं नाव मग खुल्या यादीत टाकतात, आणि तिथला कट-ऑफ त्याच्या मार्कांच्या वर असतो.